संगणकाचे वाण ओळखा : ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती पाहण्याची सोपी रीत



या पानावर मी आजपर्यंत बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी, ठिबकाची खते असेच विषय मांडत आलो. या वेळचा विषय वाचून काही जण म्हणतील, ऊस विकास अधिकाऱ्याला आता ऊस सोडून संगणकाचा नाद लागला की काय! तसे नाही. उसाची नोंद, सातबारा, पीक पाहणी, बँकेचे खाते ही सगळी कामे आता संगणकावर नाहीतर मोबाईलवर येऊन बसली आहेत. तेव्हा ज्या यंत्रावर आपल्या उसाची तारीख लिहिली जाते, ते यंत्र कोणत्या जातीचे आणि किती जुने, हे आपल्याला सांगता आले पाहिजे. मला ते वेळेवर सांगता आले नाही, आणि त्याची किंमत माझ्या गटातल्या एका सभासदाने मोजली. म्हणून हा लेख.

झाले असे

२०२१-२२ चा गळीत हंगाम आपल्यापैकी कोणीही विसरलेला नसेल. मराठवाड्यात ऊस अमाप, तोडणी टोळ्या अपुऱ्या, आणि हंगाम थेट जून २०२२ पर्यंत लांबलेला. त्या वर्षी लागणीच्या तारखेला सोन्याचे मोल होते. ज्याची तारीख आधीची त्याची तोड आधी, हाच सगळ्यांना धीर होता.

जांब समर्थच्या गट कार्यालयात माझ्याकडे एक जुना संगणक होता. आजूबाजूच्या गावांची लागण नोंद मी त्यावर स्वतः भरत असे. त्याच्या पडद्यावर दोन वर्षांपासून अधूनमधून एक सूचना येत होती. इंग्रजीत चार ओळी, खाली बंद करण्याचे बटण. मी ती बंद करायचो आणि कामाला लागायचो. जानेवारी २०२२ मध्ये एके दिवशी सकाळी संगणक चालू केला, तर एकही फाईल उघडेना. प्रत्येक फाईलच्या नावापुढे भलतीच अक्षरे चिकटलेली, आणि पडद्यावर मजकूर : पैसे भरा, मग फाईली सोडतो. खंडणी मागणारा व्हायरस तो हाच.

ओळखीच्या एका जाणकाराला फोन लावला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “साहेब, विंडोज कोणते आहे? आवृत्ती सांगा.” मी खोक्यावरचे स्टिकर वाचून दाखवले. तो म्हणाला, “स्टिकर नको साहेब, आत काय चालू आहे ते सांगा.” मला सांगता येईना. बारा-तेरा वर्षे संगणकापुढे बसणारा मी माणूस, पण उसाचे वाण डोळा आणि कांडी बघून सांगणाऱ्या मला माझ्या टेबलावरचे वाण सांगता आले नाही.

आत विंडोज ७ निघाले. त्याच्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० पासून बंद झाल्या होत्या. मी रोज बंद करत होतो ती सूचना हेच सांगत होती!

फाईली गेल्या त्या गेल्याच. चिटबॉयच्या वह्यांवरून सगळी नोंद पुन्हा उतरवली. पण एका वहीची काही पाने सप्टेंबर २०२१ च्या अतिवृष्टीत भिजलेली. शेजारी-शेजारी रान असलेल्या दोन सभासदांच्या तारखांत घोळ झाला. एकाची लागण ऑक्टोबरची, दुसऱ्याची नोव्हेंबरची. पण कोणाची कोणती, याला कागद राहिला नाही. बैठक बसली, तोडगा निघाला, पण ज्याचा ऊस मागे पडला त्याची तोड एप्रिलच्या उन्हात झाली. वजनात तूट आली ती आलीच. ते अण्णा मला इतकेच म्हणाले, “साहेब, तुमच्या मशीनचं मला काय कळतंय? मी तारीख तुमच्यापाशी दिली होती.” हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

असो. आता मुद्द्याकडे वळू.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय?

डाव्या कालव्याच्या पाळीवर पाटकरी काय करतो? पाणी एकच, मागणारे अनेक. कोणाला किती तास, कोणत्या चारीने, हे तो बघतो. तो नसेल तर प्रत्येक जण आपल्या रानाकडे दार फोडील. संगणकातही तसेच. आत हिशेब करणारा एक भाग, थोडी जागा, एक प्रिंटर, एक पडदा. आणि मागणारे प्रोग्राम अनेक. एक पत्र लिहिणारा, एक हिशेबाचा, एक इंटरनेटची पाने उघडणारा. या सगळ्यांना आळीपाळीने यंत्र वापरू देणारा, फाईल कुठे ठेवली हे लक्षात ठेवणारा आणि अनोळखी माणसाला दारात अडवणारा जो मुख्य प्रोग्राम, तो ऑपरेटिंग सिस्टीम. आपल्याकडच्या बहुतेक संगणकांत ती मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज असते. काही शाळांत आणि सरकारी ठिकाणी लिनक्स असते. लिनक्सवर उभारलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली सी-डॅक या आपल्या केंद्र सरकारी संस्थेने काढली. या संस्थेचे मुख्यालय पुण्यात आहे. मोबाईलमध्ये बहुधा अँड्रॉइड असते.

आवृत्ती म्हणजे काय?

ऊस म्हणजे नुसता ऊस नव्हे. को ७४० वेगळा, को ८६०३२ वेगळा, फुले २६५ वेगळा. विंडोजचेही तसेच आहे. विंडोज एक्सपी २००१ साली आले, विंडोज ७ हे २००९ साली, विंडोज ८ हे २०१२ साली, विंडोज १० हे २०१५ साली आणि विंडोज ११ हे ऑक्टोबर २०२१ मध्ये.

पण वाण सांगून काम भागत नाही. “८६०३२ आहे” असे कोणी सांगितले, की आपण पुढचा प्रश्न विचारतो : बेणे कुठले? मूलभूत, पायाभूत की शेजाऱ्याच्या चौथ्या खोडव्याचे? वाण तेच, पण बेणे जुने झाले की त्यात गवताळ वाढ आणि काणी शिरते. विंडोज ११ या एकाच नावाखालीही दरवर्षी नवी पिढी निघते. तिला ‘२२एच२’ अशी खूण असते. यात २२ म्हणजे २०२२ साल आणि एच२ म्हणजे वर्षाचा दुसरा अर्धा. त्याखाली ‘बिल्ड’ म्हणून एक लांब आकडा असतो. तो दर महिन्याच्या दुरुस्तीनंतर पुढे सरकतो. म्हणजे तीन गोष्टी बघायच्या : नाव, पिढी आणि बिल्ड.

विंडोजमध्ये पाहायचे कसे?

रीत पहिली. सर्वांत सोपी, आणि जुन्या-नव्या सर्व विंडोजवर चालणारी.

१. कळफलकावर खालच्या ओळीत डाव्या बाजूला खिडकीचे चित्र असलेली कळ आहे. ती दाबून धरा आणि ‘आर’ अक्षराची कळ दाबा.

२. कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडेल. तिच्यात इंग्रजी अक्षरे टाइप करा : डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर. मध्ये जागा सोडू नका. उच्चार होतो ‘विनव्हर’.

३. एंटर दाबा. एक पाटी उघडेल. तिच्यावर नाव, पिढी आणि बिल्ड तिन्ही असतात. कागदावर उतरवून घ्या आणि पाटी बंद करा.

हे करताना काही बिघडत नाही, काही पुसले जात नाही. भीती बाळगू नका.

रीत दुसरी. विंडोज १० किंवा ११ असेल तर खिडकीची कळ आणि ‘आय’ एकत्र दाबा. सेटिंग्ज उघडेल. त्यात ‘सिस्टीम’ आणि मग अगदी शेवटी ‘अबाऊट’. येथे आवृत्तीबरोबर संगणकाची मेमरी किती आणि तो ३२ बिट की ६४ बिट, हेही कळते. विंडोज ७ असेल तर स्टार्टमधल्या ‘कॉम्प्युटर’वर उंदराची उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ निवडा.

बिट ही भानगड थोडक्यात अशी : ३२ बिटच्या विंडोजला साधारण ४ जीबीच्या वर मेमरी वापरता येत नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येते. प्रिंटर किंवा हिशेबाचा प्रोग्राम घेताना विकणारा हे विचारतो, म्हणून माहीत असावे.

आकड्यांची गंमत

पुष्कळांची फसगत येथे होते. विंडोजच्या पोटातला क्रमांक आणि बाहेरचे नाव यांचा मेळ बसत नाही. जसे वाणाचे प्रचारातले नाव एक आणि संशोधन केंद्राचा क्रमांक दुसरा. तेव्हा हा तक्ता वहीत उतरवून ठेवा.

आत ५.१ दिसले — विंडोज एक्सपी.
आत ६.१ दिसले — विंडोज ७. सोबत बिल्ड ७६०१ असेल तर त्याचा पहिला सर्व्हिस पॅक बसवलेला आहे.
आत ६.२ दिसले — विंडोज ८.
आत ६.३ दिसले — विंडोज ८.१.
आत १०.० दिसले — विंडोज १० किंवा ११!

शेवटच्या ओळीकडे नीट लक्ष द्या. विंडोज ११ सुद्धा आतून आपला क्रमांक १०.० असाच सांगते. कारण असे की, जुने प्रोग्राम पहिला आकडा बघून चालायचे की नाही ते ठरवतात. आकडा बदलला तर ते अडून बसतील. मग फरक ओळखायचा बिल्डवरून. बिल्ड २२००० किंवा त्याच्या वर असेल तर विंडोज ११ समजावे. १९०४५ असेल तर ती विंडोज १० ची शेवटची पिढी, म्हणजे २२एच२. विंडोज ११ मध्ये २२६३१ म्हणजे २३एच२, २६१०० म्हणजे २४एच२ आणि २६२०० म्हणजे २५एच२.

खोक्यावरच्या स्टिकरवर मात्र विसंबू नये. ते यंत्र विकले तेव्हाचे असते. नंतर कोणी आत काय भरले, ते स्टिकरला माहीत नसते. तसेच पडद्यावरच्या चित्रावरही जाऊ नये. आपल्याच भागातल्या एका सभासदाने मुलासाठी शहरातून वापरलेला संगणक आणला. विकणाऱ्याने विंडोज १० म्हणून दिला. पडद्यावर चित्रही विंडोज १० चेच. मुलगा म्हणाला, “काका, बँकेचं पानच उघडना झालंय.” विनव्हर टाकून बघितले तर ६.१, बिल्ड ७६०१! चित्र दहाचे, वाण सातचे. पाचट छान, पण कांडी पोकळ, त्यातला प्रकार.

बँकेचे पान न उघडण्याचे कारणही यातच होते. इंटरनेटची पाने दाखवणाऱ्या क्रोम या प्रोग्रामने फेब्रुवारी २०२३ पासून विंडोज ७ आणि ८.१ ला नवी आवृत्ती देणे बंद केले. १०९ क्रमांकाशी ते थांबले. बँका आणि सरकारी पाने सुरक्षिततेसाठी नवी मागतात, आणि जुने यंत्र दारातच अडते. दोष ना बँकेचा, ना नेटचा.

आणखी एक बारीक खूण सांगतो. पट्टीवर किंवा पावतीवर ₹ या खुणेच्या जागी रिकामी चौकट दिसली, तर यंत्र जुने असल्याचा संशय घ्यावा. ही खूण मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये शिकलेल्या डी. उदयकुमार यांनी रेखाटली आणि केंद्र सरकारने ती १५ जुलै २०१० रोजी स्वीकारली. विंडोज ७ त्याच्या आदल्या वर्षी बाजारात आलेले. त्याला ही खूण नंतरच्या दुरुस्तीतून शिकवावी लागली. ज्यांनी दुरुस्ती घेतली नाही, त्यांच्याकडे चौकटच राहिली.

जुने असले तर बिघडते काय?

ऑपरेटिंग सिस्टीम लाखो ओळींची असते. तिच्यात फटी राहतात. फट सापडली की कंपनी दुरुस्ती पाठवते, आणि संगणक ती इंटरनेटवरून घेतो. पण प्रत्येक आवृत्तीला एक मुदत असते. मुदत संपली की दुरुस्ती बंद. फटी मात्र सापडतच राहतात, आणि चोरांनाही त्या कळतात. राखण संपलेल्या फडात डुकरे शिरतात, तसे.

मुदती अशा : विंडोज एक्सपी ८ एप्रिल २०१४ ला संपले. विंडोज ७ हे १४ जानेवारी २०२० ला. विंडोज ८.१ हे १० जानेवारी २०२३ ला. विंडोज १० चीही मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापरणाऱ्यांनी वेगळी नोंदणी केल्यास सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतील, असे कंपनीने जाहीर केले आहे. विंडोज ११ ला सुद्धा पिढीनुसार मुदत असते. घरगुती वापराची २३एच२ ही पिढी ११ नोव्हेंबर २०२५ ला संपली. २४एच२ ला १३ ऑक्टोबर २०२६ आणि २५एच२ ला १२ ऑक्टोबर २०२७ ही तारीख दिली आहे. म्हणजे “माझ्याकडे अकरा आहे” म्हणून निर्धास्त राहू नये, पिढी बघावी.

दुरुस्तीचे महत्त्व कळायला २०१७ साल आठवावे. त्या वर्षी १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक फट बुजवणारी दुरुस्ती दिली. ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्यावर १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस आला आणि दोन-तीन दिवसांत दीडशेच्या आसपास देशांत पसरला. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांना रुग्ण परत पाठवावे लागले. लक्षात घ्या, दुरुस्ती दोन महिने आधी उपलब्ध होती! पुढे २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. त्याने हीच फट वापरली, शिवाय संगणकातले पासवर्ड चोरून तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला. मेर्स्क या जहाज कंपनीला त्याचा जगभर फटका बसला, आणि आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात याच समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. महाराष्ट्रातली साखर ज्या बंदरातून परदेशी जाते, त्या बंदरातली ही गोष्ट. दूर कुठे विलायतेत घडली असे समजू नये.

यातून आणखी एक धडा घ्यावा. नवी आवृत्ती असली म्हणजे सर्व संकटे टळली असे नाही. चांगल्या वाणालाही बेणेप्रक्रिया लागतेच. पासवर्ड जपणे, अनोळखी पेन ड्राइव्ह न लावणे आणि नोंदीची दुसरी प्रत ठेवणे, हे सोडून चालत नाही.

आपण ज्यातून पैसे काढतो त्या एटीएम यंत्राच्या आतही एक संगणक असतो. पुष्कळ एटीएममध्ये मुदत संपलेले विंडोज एक्सपी चालू राहिले होते. म्हणून रिझर्व्ह बँकेने २१ जून २०१८ ला परिपत्रक काढून बँकांना टप्पे ठरवून दिले, आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे मुदतीत असलेल्या आवृत्तीवर आणायला सांगितली. देशातल्या बँकांना जी गोष्ट सांगावी लागली, ती आपण आपल्या घरी करायला लाजण्याचे कारण नाही.

मोबाईलचे काय?

आपल्यापैकी बहुतेकांचा संगणक म्हणजे खिशातला मोबाईलच. ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून मोबाईलवर सुरू झाली. साखर आयुक्तालयाने २०२२ साली ‘महा-ऊस नोंदणी’ हे ॲप काढले. ॲप घेताना काहींना “हे ॲप तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही” असे उत्तर येते. त्याचा अर्थ बहुधा इतकाच की, फोनची आवृत्ती त्या ॲपला हवी तेवढी नवी नाही.

पाहायचे असे : ‘सेटिंग्ज’ उघडा, अगदी तळाला जा, ‘फोनबद्दल’ किंवा ‘अबाऊट फोन’ दाबा. तेथे ‘अँड्रॉइड आवृत्ती’ असे लिहिलेले असते. काही फोनमध्ये त्यासाठी आणखी एकदा ‘सॉफ्टवेअर माहिती’ दाबावे लागते. तेथेच ‘सुरक्षा अपडेट’ म्हणून एक तारीख दिसते. माझ्या मते आवृत्तीपेक्षा ही तारीख जास्त बोलकी. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल, तर त्या फोनला दुरुस्ती येणे बहुधा थांबले आहे. अशा फोनवर बँकेचे व्यवहार करू नयेत. व्हॉट्सॲपने १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ आणि त्याहून जुन्या फोनना सेवा देणे बंद केले, किमान ५.० लागते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोन अचानक ‘मुका’ झाला असेल, तर कारण हेही असू शकते.

आवृत्ती कळली. पुढे काय?

प्रथम : कोणताही बदल करण्याआधी आपल्या सर्व फाईलींची प्रत काढा. एक पेन ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या ठिकाणी. प्रत घेतल्यावर पेन ड्राइव्ह काढून ठेवा. लावलेलाच राहिला तर व्हायरस तोही खातो.

दुसरे : विंडोज १० वरून ११ वर जायचे असेल, तर यंत्र त्या लायक आहे का ते बघावे. ६४ बिटचा प्रोसेसर, किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि ‘टीपीएम २.०’ नावाचा सुरक्षा भाग लागतो. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. हलक्या रानात भारी वाण लावून उपयोग होत नाही.

तिसरे : यंत्र जुने पण धडके असेल, आणि काम फक्त पत्रे व इंटरनेटचे असेल, तर लिनक्स हा मोफत मार्ग आहे. मराठी त्यात चालते. मात्र आपला हिशेबाचा प्रोग्राम त्यावर चालेल का, हे आधी विचारावे.

चौथे : एखादा जुना प्रोग्राम जुन्या विंडोजवरच चालतो आणि तो सोडता येत नाही, अशी अडचण असते. तेथे माझा सल्ला असा की, त्या यंत्राची इंटरनेटची वायर काढून टाका, बाहेरचा पेन ड्राइव्ह लावू नका, आणि आठवड्याला कागदावर छापील प्रत काढा. जुने वाण ठेवायचेच असेल तर वेगळ्या तुकड्यात ठेवावे, सगळ्या रानात नको.

पाचवे : वापरलेला संगणक विकत घेताना पैसे देण्याआधी दुकानातच विनव्हर टाकून बघा. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ॲक्टिव्हेशन’ही बघा. पडद्याच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरे असतील, तर परवाना सक्रिय केलेला नाही असे समजा आणि विचारणा करा.

सावध राहा

आवृत्ती बघायला शिकलात, तर फसवणुकीतूनही वाचाल. पडद्यावर मोठा भोंगा वाजून “तुमचे विंडोज बिघडले, या नंबरवर फोन करा” असे येते, किंवा कोणी स्वतःच फोन करून सांगतो की, मी कंपनीतून बोलतोय, तुमची आवृत्ती जुनी झाली. कंपनी अशी आपणहून घरी फोन करत नाही. अशा माणसाच्या सांगण्यावरून काहीही उतरवून घेऊ नका, ओटीपी सांगू नका. आपली आवृत्ती आपण स्वतः बघितलेली असेल, तर त्याचे खोटे तेथेच उघडे पडते. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

वहीत पाच ओळी

उसाच्या प्लॉटची जशी आपण नोंद ठेवतो, तशी संगणकाची ठेवावी. एक साधी वही पुरे.

१. पाहणीची तारीख.
२. नाव आणि पिढी. उदाहरणार्थ, विंडोज ११, २४एच२.
३. बिल्डचा पूर्ण आकडा.
४. ३२ बिट की ६४ बिट, आणि मेमरी किती.
५. फाईलींची शेवटची प्रत कधी काढली.

दर महिन्याला एकदा बघावे. बिल्डचा आकडा दोन-तीन महिने एक पाऊलही पुढे सरकला नाही, तर दुरुस्ती येत नाही असे समजावे आणि कारण शोधावे. विनव्हर टाकायला अर्धे मिनिट लागते. मी त्या वर्षी ते अर्धे मिनिट काढले असते, तर पुढची कित्येक दिवसांची धावपळ आणि अण्णांची तूट टळली असती.

माझ्या गट कार्यालयात आता ही वही टेबलावर असते, आणि लागण नोंदीची छापील प्रत दर शनिवारी कपाटात जाते. कोणाही सभासदाने येऊन दोन्ही बघावीत. आपली तारीख त्यात बरोबर आहे ना, तेही तपासावे. तो आपला हक्क आहे. ज्यांना घरचा संगणक किंवा मोबाईल तपासून घ्यायचा असेल, त्यांनी कार्यालयीन वेळेत तो घेऊन यावा. शिकलेली मुले-मुली घरात असतील तर त्यांना हा लेख वाचायला द्यावा. ती हे काम आपल्यापेक्षा लवकर करतील.

पुढील अंकात पूर्वहंगामी लागणीतील बेणेमळ्याविषयी लिहीन. तोपर्यंत नमस्कार.

— ऊस विकास अधिकारी, जांब समर्थ गट